समजून घ्या : मार्कर, खडू आणि गाडीचं बॉनेट... कीथ हॅरिंग कोण होता?

टी-शर्टवर, मोबाइलच्या कव्हरवर जाड काळ्या रेषांची नाचणारी माणसं आणि भुंकणारा कुत्रा तुम्ही पाहिला असेल. ही चित्रं कीथ हॅरिंगची. त्याच्या रेषा कॅनव्हासपेक्षा भिंती, फ्रिज आणि गाड्यांवर जास्त रमल्या.

सुरुवात कुठून झाली?

कीथचा जन्म 4 मे 1958 रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात झाला. तो कुट्झटाउन या लहानशा गावात वाढला. वडील अभियंते, पण हौसेने कार्टून काढायचे. मुलाने रेषा धरली ती त्यांच्याकडूनच. 1978 मध्ये तो न्यूयॉर्कच्या स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्समध्ये दाखल झाला.

त्या काळात न्यूयॉर्कची मेट्रो मार्कर आणि स्प्रेने भरलेली असायची. पोरं डब्यांवर आपली नावं लिहायची. कीथही खिशात मार्कर घेऊन फिरू लागला. फक्त नावाऐवजी तो एक चार पायांचा प्राणी आणि रांगणारं बाळ काढायचा. हीच त्याची सही.

खडूच का?

स्टेशनवर जाहिरातीची मुदत संपली की त्या जागी काळा कागद चिकटवला जाई. 1980 मध्ये असा रिकामा चौकोन दिसताच तो वर रस्त्यावर गेला, पांढरा खडू घेऊन आला आणि चित्र काढून मोकळा झाला. खोडायची सोय नाही, पोलीस कधीही येणार. त्यामुळे हात झपाट्याने चालायचा, रेषा एका दमात पूर्ण व्हायची. पुढे आयुष्यभर त्याची शैली तीच राहिली. अनेकदा बेड्या पडल्या, दंडही भरला. पण नाव झालं, तसे लोक हे कागद सोलून विकायला लागले. मग 1985 च्या सुमारास त्याने हा उद्योग थांबवला.

गाड्या कशा आल्या?

त्याच्या दृष्टीने सपाट काय आणि गोलाई काय, पृष्ठभाग म्हणजे पृष्ठभाग. 1983 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो इथे त्याने जुनी लँड रोव्हर रंगवली. 1986 मध्ये 1963 ची ब्युइक. आधी कच्चं रेखाटन नाही. बॉनेटवरून निघालेली रेषा दारावरून वळत मागे जाते. घरही सुटलं नाही. त्याच्या फ्रिजच्या दारावर येणारे-जाणारे कलावंत मार्करने सह्या करत. ते दार 2021 मध्ये लिलावात विकलं गेलं. (आपल्या घरी कुणी असं केलं असतं, तर आईने आधी स्पिरिट आणि फडकं काढलं असतं.)

1986 मध्येच त्याने न्यूयॉर्कच्या लाफायेट स्ट्रीटवर ‘पॉप शॉप’ उघडलं. गॅलरीत लाखांना जाणारी चित्रं इथे टी-शर्ट आणि बिल्ल्यांवर स्वस्तात मिळत. समीक्षकांनी बाजारूपणाचा ठपका ठेवला. हा आरोप मला पटत नाही. मेट्रोतल्या प्रवाशाला फुकट चित्र दाखवणाऱ्याने दुसरं काय करायला हवं होतं?

त्याच वर्षी ‘क्रॅक’ या अमली पदार्थाविरुद्ध त्याने परवानगीशिवाय एक भिंत रंगवली. पोलिसांनी पकडलं. पुढे शहराच्याच परवानगीने त्याने ती पुन्हा रंगवली, आजही ती तिथे आहे.

शेवटची गाडी

1988 मध्ये त्याला एड्सचं निदान झालं. तेव्हा या आजारावर परिणामकारक औषध नव्हतं आणि त्याबद्दल उघड बोलणारेही कमी होते. त्याने लपवलं नाही. 1989 मध्ये स्वतःच्या नावाने फाउंडेशन काढून एड्सग्रस्तांसाठी आणि मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांना मदतीची सोय केली. इटलीत पिसा इथे चर्चच्या बाजूची आख्खी भिंत रंगवली.

1990 च्या सुरुवातीला जर्मनीत ड्युसेलडॉर्फला त्याने लाल बीएमडब्ल्यू झेड-1 रंगवली. या गाडीचे पॅनल प्लास्टिकचे, दारं उघडताना बाजूला न जाता खाली सरकणारी. लाल अंगावर काळ्या रेषा पुन्हा एका दमात उतरल्या. 16 फेब्रुवारी 1990 रोजी तो गेला. वय होतं 31.

2018 च्या अखेरीस लॉस एंजेलिसच्या पीटरसन ऑटोमोटिव्ह म्युझियमने त्याने रंगवलेली पाच वाहनं एकत्र मांडली. त्यात एक मोटारसायकल होती आणि एक लहान मुलांची खेळण्यातली गाडीसुद्धा.