काचेतला समुद्र

फिलिप हेन्री गॉस (१८१०–१८८८) हे इंग्लंडचे निसर्गअभ्यासक. १८५२ मध्ये प्रकृती ढासळली आणि हवापालटासाठी ते लंडन सोडून डेव्हनच्या किनाऱ्यावर गेले. खडकांमधल्या डबक्यांतली समुद्रपुष्पे आणि छोटी प्रवाळे त्यांना घरी जगवायची होती.

अडचण पाण्याची होती. ते लवकर नासे. गॉस यांनी टाकीत समुद्रशैवाल लावले. उजेडात शैवाल प्राणवायू सोडते, तो प्राण्यांना मिळतो. प्राण्यांचा कार्बन डायऑक्साइड शैवालाला. १८५४ मध्ये त्यांनी चार क्षारांचे कृत्रिम समुद्रपाणीही बनवले. ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द त्यांच्याच पुस्तकाने रूढ केला.

विष्ठा आणि उरलेल्या अन्नातून साठणारा अमोनिया मात्र विषारी. जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग तुलनेने सौम्य नायट्रेट करतात. हे जिवाणू विनोग्राड्स्की यांनी वेगळे काढले ते १८९०च्या सुमारास, गॉस यांच्या निधनानंतर. म्हणूनच आज प्रवाळाच्या टाकीत आधी जिवाणू रुजू देतात, जीव नंतर सोडतात.

गॉस यांच्या पुस्तकांनी घरोघरी टाक्या आल्या आणि हौशी मंडळींनी किनाऱ्यावरची डबकी ओरबाडून रिकामी केली. उतारवयात गॉस यांना याचीच खंत होती.