क्ष-किरणांचे जनक : विल्हेल्म राँटजेन

शहापूर-मुरबाडच्या मुलाची दाढ ठणकली की डॉक्टर एक्स-रे काढायला सांगतात. ते किरण शोधणारे राँटजेन १८४५ मध्ये जर्मनीत जन्मले. शाळेत दुसऱ्याच मुलाने शिक्षकांचं व्यंगचित्र काढलं. राँटजेननी त्याचं नाव सांगितलं नाही, म्हणून शाळेने यांनाच काढून टाकलं!

८ नोव्हेंबर १८९५ ला त्यांना क्ष-किरण सापडले. जानेवारी १८९६ मध्ये वाल्कहोफ या दंतवैद्याने स्वतःच्या दाढांचा फोटो घेतला. २५ मिनिटं लागली. आता दाढेची मुळं किती, आतल्या नळ्या कशा वळतात, हे क्षणात दिसतं आणि दाढ वाचते.

१९०१ चं भौतिकशास्त्राचं पहिलं नोबेल त्यांना मिळालं. रक्कम विद्यापीठाला दिली, पेटंट घेतलंच नाही. १९२३ मध्ये ते गेले.

वर्गात गप्प उभं राहिलेलं मूल दोषीच असतं असं नाही, एवढं लक्षात ठेवूया.