लेलंड क्लार्क

लेलंड चार्ल्स क्लार्क, धाकटे (जन्म : रॉचेस्टर, न्यू यॉर्क, ४ डिसेंबर १९१८, मृत्यू : २५ सप्टेंबर २००५) हे अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ होते. रक्तातील ऑक्सिजन व साखर मोजणारे इलेक्ट्रोड त्यांनी घडवले. त्यांना जैवसंवेदकांचे (बायोसेन्सरांचे) जनक मानले जाते.

शिक्षण व ऑक्सिजन-इलेक्ट्रोड

अँटिऑक महाविद्यालयातून १९४१ साली पदवी आणि रॉचेस्टर विद्यापीठातून १९४४ साली डॉक्टरेट मिळवल्यावर क्लार्क ओहायो राज्यातील यलो स्प्रिंग्ज येथे संशोधन करू लागले. हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन मिसळणारे यंत्र त्यांनी तयार केले. मात्र यंत्रातून बाहेर पडणाऱ्या रक्तातील ऑक्सिजनचा दाब सांगता न आल्याने त्यांचा शोधनिबंध नाकारण्यात आला. ही उणीव भरून काढताना त्यांनी प्लॅटिनम व चांदीचे इलेक्ट्रोड एकाच पातळ पटलाआड बसवले. पटलातून ऑक्सिजन आत येई, पण रक्तातील प्रथिने प्लॅटिनमपर्यंत पोहोचत नसत. हे संशोधन १९५६ साली प्रसिद्ध झाले.

रक्तशर्करेचे मापन

पुढे ते अलाबामा विद्यापीठात रुजू झाले. १९६२ साली चँप लायन्स यांच्यासह त्यांनी ऑक्सिजन-इलेक्ट्रोडवर ग्लुकोज ऑक्सिडेज या विकराचा थर देण्याची कल्पना मांडली. हे विकर ऑक्सिजन वापरून ग्लुकोजचे रूपांतर करते व त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. त्यामुळे ऑक्सिजन किती घटला यावरून साखरेचे प्रमाण कळते. नंतर पेरॉक्साइडच थेट मोजण्याची पद्धत आली. तिच्यावर आधारलेले रक्तशर्करा-विश्लेषक १९७५ साली यलो स्प्रिंग्ज इन्स्ट्रुमेंट कंपनीने बाजारात आणले.

१९६६ साली फ्रँक गोलान यांच्यासह त्यांनी ऑक्सिजनयुक्त फ्लुओरोकार्बन द्रवात बुडवलेले उंदीर श्वास घेऊन जिवंत राहतात, हे दाखवले. १९६८पासून ते सिनसिनाटीच्या बाल रुग्णालयात संशोधन करत होते. २००५ साली त्यांना रस पारितोषिक मिळाले.

वारसा

इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाची साखर झोपेत एकाएकी उतरल्यास त्याच्या जिवाला धोका असतो. अधूनमधून बोट टोचून केलेल्या तपासणीत ती घट निसटू शकते. आज त्वचेखाली सूक्ष्म तार ठेवून दर काही मिनिटांनी बिनतारी संदेश पाठवणारे बहुतेक संवेदक विकर व इलेक्ट्रोड यांच्या याच जोडीवर चालतात. मात्र ऊतींमध्ये ग्लुकोजच्या मानाने ऑक्सिजन कमी असतो आणि परक्या वस्तूभोवती शरीर तंतुमय आवरण तयार करते. त्यामुळे असे संवेदक काही दिवसांनी बदलावे लागतात. २०१८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेला, पूर्णपणे त्वचेखाली बसवण्याचा संवेदक मात्र विकराऐवजी प्रकाशाच्या साहाय्याने साखर मोजतो.