रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप व पिसदुऱ्याचीं हाडें

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचें नांव आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं ऐकिलें असेल. ज्यांच्या स्मरणार्थ तें ठेविलें, त्या मिशनरी गृहस्थांनीं एका प्रचंड प्राण्याचीं हाडें उजेडांत आणिलीं, हें मात्र थोड्यांस ठाऊक आहे.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म स्कॉटलंडांतील डन्स या गांवीं ता. ८ सप्टेंबर १८१७ रोजीं झाला. १८४४ च्या अखेरीस ते मुंबईस उतरले व पुढील वर्षीं नागपुरास गेले. १८४६ सालीं त्यांनीं तेथें शाळा काढिली. उपदेशार्थ खेडोपाडीं हिंडतांना वाटेंतले दगडही ते निरखीत. शाळा सांभाळून एवढी सवड काढणें सोपें नव्हे, हें शिक्षकवर्गास सांगावयास नको! सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह लिहिलेला त्यांचा नागपूरच्या भूस्तरांवरील निबंध १८५५ सालीं लंडनच्या भूगर्भशास्त्रीय मंडळाच्या नियतकालिकांत छापला गेला. गोंडांची भाषा व चालीरीती यांचींही टिपणें त्यांनीं केलीं.

पनवेलहून कर्नाळ्याचा जो सुळका दिसतो, तो थिजलेल्या लाव्हाचा आहे. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं पसरलेल्या या लाव्हाचे थर नागपुराकडेही आहेत. त्यांच्या खालच्या, त्याहून जुन्या थरांत, वरोऱ्याजवळील पिसदुरा गांवीं, हिस्लॉप यांस दगड बनलेलीं हाडें मिळालीं.

तीं कोणाचीं, हें कळण्यास ते उरले नाहींत. ता. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळें पाहून बोरीकडे परततांना पुराच्या पाण्यांत त्यांचा अंत झाला. सेहेचाळीस वर्षें पुरीं होण्यास चारच दिवस होते. गोंडांविषयींचीं टिपणें रिचर्ड टेंपल यांनीं, जे पुढें मुंबईचे गव्हर्नर झाले, १८६६ सालीं प्रसिद्ध केलीं.

पिसदुऱ्याच्याच शेपटीच्या मणक्यांवरून १८७९ सालीं लिडेकर यांनीं टायटॅनोसॉरस ब्लॅनफोर्डी हें नांव योजिलें. लांब मानेचा, चार पायांवर चालणारा हा शाकाहारी डायनोसॉर होय. तेथील शेणाच्या खड्यांत वनस्पतींचे अंश सांपडतात. २००५ सालीं वंदना प्रसाद प्रभृति संशोधकांनीं त्यांत गवताचेही कण दाखविले. त्यापूर्वीं, डायनोसॉरांच्या काळीं गवत नव्हतें असाच समज होता! परंतु मूठभर मणक्यांवर नांव टिकेना. २००३ सालीं विल्सन व अपचर्च यांनीं तें अग्राह्य ठरविलें, आणि त्या मणक्यांचा धनी कोण, हा प्रश्न पुन्हां उघडा पडला. जवळच्या डोंगरगांवीं अशाच एका प्राण्याचा बराच सांगाडा मिळाला. त्याचें वर्णन १९९७ सालीं झालें व आज त्यास इसिसॉरस म्हणतात. डोकें मात्र त्याचेंही मिळालेलें नाहीं.