आठ लाखांची अमानत : मरहूम सर महंमद यूसुफ

जहाजव्यवसायात नाव मिळवलेल्या मुंबईच्या सर महंमद यूसुफ यांनी १९१० साली न्हावा येथे खलाशी तयार करण्याची सोय केली. १९१४ साली वडिलांच्या स्मरणार्थ, मुस्लिम मुलांच्या उच्च शिक्षणासाठी, त्यांनी सरकारकडे आठ लाख रुपये सोपवले.

वक्फ म्हटले की आपल्याला जमीनच आठवते. परंतु इमाम अबू हनीफा यांचे शागीर्द इमाम जुफर यांनी रोख रकमेचा वक्फही मान्य केला होता : मुद्दल व्यापारात लावावी, नफा सत्कार्यी खर्चावा. सरसाहेबांची देणगी त्याच जातकुळीची.

मात्र कॉलेज निघायला सोळा वर्षे गेली. तेवढ्यात एक पिढी शाळा संपवून कामधंद्याला लागली! देणाऱ्याने दिले, तरी हिशेब विचारणारे पालक लागतातच. अखेर १९३० साली जोगेश्वरीच्या टेकडीवर इस्माईल यूसुफ कॉलेज सुरू झाले. तेथे आज सर्व धर्मांची मुले-मुली शिकतात.