पहिले सालारजंग आणि आपल्या पूर्वजांचा शेतसारा

ज्ञातिबांधवहो, आजचा आपला जालना जिल्हा पूर्वी निजामाच्या मुलखात मोडत असे. त्या राज्याचे दिवाण पहिले सालारजंग यांचे चरित्र आम्ही येथे संक्षेपाने सादर करीत आहोत.

मीर तुराब अली खान तथा सालारजंग यांचा जन्म इ. स. १८२९ मधील. १८५३ साली ऐन तारुण्यात ते दिवाण झाले. राज्य कर्जात बुडालेले होते. कंटिंजंट फौजेच्या खर्चापायी त्याच वर्षी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावे लागले. वसुलीचे मक्ते इजारदारांकडे असत. सरकारास ठरीव रक्कम भरली, की रयतेकडून किती उकळावे यास धरबंध नसे.

सालारजंगांनी इजारे क्रमाक्रमाने मोडले, पगारी तालुकदार नेमले व १८६५ साली जिल्हाबंदी अमलात आणली. बटाईच्या जागी रोख सारा आला. पुढे मराठवाड्यात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी सुरू झाली. आपले देणे किती, हे कुणब्यास आगाऊ कळू लागले.

परंतु यास दुसरी बाजूही होती. बटाईत पीक बुडाले, तर सरकारचा वाटाही बुडे. रोख हप्ता मात्र पावसाची वाट पाहत नसे. मग सावकाराचे दार ठोठवावे लागे आणि खतावर अंगठा उठला, की जमीन पणास लागे.

१८८३ साली सालारजंग पटकीने निवर्तले. इजारदार गेला, सावकार राहिला. म्हणून आमची विनंती की, प्रत्येक घरच्या मुलास व मुलीस खत आणि सातबारा स्वतः वाचता येईल, एवढे शिक्षण अवश्य द्यावे.