लोखंडी नांगराचे जनक लक्ष्मणराव किर्लोस्कर

जेऊर (ता. करमाळा) परिसरातील जुन्या गोठ्यांत, कडब्याच्या गंजीआड, तांबेरलेला एखादा लोखंडी नांगर आजही दृष्टीस पडतो. तो ओढणारे बैल राहिले नाहीत. रुमण्यावर हात ठेवणारी पिढीही बहुतेक गेली. भंगारवाल्याच्या तराजूत पडेपर्यंत हा नांगर असाच उभा राहणार. ज्या पुरुषाने हा नांगर प्रथम महाराष्ट्राच्या मातीत उतरवला, त्या लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचे निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी झाले. त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. पण ते नाव आता कारखान्यांचे आणि पंपांचे झाले आहे. त्यामागील माणूस मात्र विस्मरणात जात आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगावजवळील गुर्लहोसूर येथे झाला. वडील वेदान्ताचे अभ्यासक होते, त्यामुळे मुलाने विद्येचा मार्ग धरावा, अशीच घरातील अपेक्षा असणार. लक्ष्मणरावांचे मन मात्र शाळेत रमले नाही. चित्रे काढावीत आणि यंत्रे उलगडून पाहावीत, हे त्यांचे दोन छंद. थोरले बंधू रामूअण्णा यांच्या पाठबळावर ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे एक दुर्दैवी गोष्ट उघडकीस आली. त्यांना काही रंगांतील भेदच ओळखता येत नव्हता. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणाला यापेक्षा मोठा आघात कोणता? रंग सुटले, पण रेषा सुटली नाही. ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. त्यांच्या डोळ्यांतील हे वैगुण्य नसते, तर महाराष्ट्राला एक बरा चित्रकार मिळाला असता आणि नांगर कदाचित आणखी बराच काळ विलायतेहूनच येत राहिला असता.

मुंबईत असतानाच त्यांनी व्यापारात पाऊल टाकले होते. त्या काळी सायकल ही नवलाची वस्तू होती. लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकली खरेदी करून बेळगावला धाडाव्यात आणि रामूअण्णांनी त्या विकाव्यात, चालवायलाही शिकवाव्यात, असा बंधूंचा क्रम सुरू झाला. १८८८ या वर्षापासून किर्लोस्कर बंधू या नावाचा प्रारंभ मानला जातो. पुढे संस्थेतील एका बढतीच्या वेळी त्यांना डावलून अँग्लो-इंडियन गृहस्थाची नेमणूक झाली. लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले. पगाराची नोकरी सोडून लोखंड कापणाऱ्या माणसाकडे त्या काळच्या पांढरपेशा समाजाने कोणत्या नजरेने पाहिले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

बेळगावात प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले. त्यानंतर १९०३ च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर हाती घेतला.

या नांगराचे महत्त्व सोलापूरच्या शेतकऱ्याला वेगळे सांगण्याची गरज नाही; पण नव्या पिढीसाठी दोन शब्द लिहिणे आवश्यक वाटते. भीमाकाठची काळी जमीन उन्हाळ्यात दगडासारखी घट्ट होते आणि तिला खोल भेगा पडतात. त्या जमिनीत हरळी आणि कुंदा एकदा रुजले की मुळे खोलवर जातात. अवजड लाकडी नांगराला सहा-आठ बैल जुंपावे लागत. एवढे करूनही तो जमीन चिरत असे, उलटवत नसे. तणाची मुळे खालीच राहात आणि पहिल्या पावसासरशी पुन्हा वर येत. लोखंडी नांगराच्या फाळामागे वळणदार पत्रा असतो. फाळाने कापलेला मातीचा पट्टा त्या पत्र्यावर चढून पालथा पडतो, तणाची मुळे उन्हात उघडी पडतात, वरचा पालापाचोळा खाली गाडला जातो. बाब दिसायला साधी. पण पीक आणि पडीक यांतील अंतर तेवढेच असते.

असे असूनही नांगर खपला नाही. लोखंडाने जमीन विषारी होते, काळी आई नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. आज आपण या समजुतीला हसतो. परंतु ते हसणे न्याय्य नाही, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. ज्याच्याजवळ एकच जमीन आणि पावसाचा एकच हंगाम आहे, त्याने अनोळखी कारखानदाराच्या शब्दावर वर्षभराची भाकरी पणाला का लावावी? लक्ष्मणरावांनीही शेतकऱ्याला दोष देत वेळ घालवला नाही. नांगर शेतात चालवून दाखवणे आणि मोडलेला भाग जवळच मिळेल याची हमी देणे, हाच या शंकेवरचा उपाय होता. विलायती नांगराचा एखादा भाग तुटला तर सारा नांगर कोपऱ्यात पडे. देशी नांगराचे खरे बळ त्याच्या सुट्या भागांत होते.

नांगराला जरा गिऱ्हाईक मिळू लागले, तोच बेळगाव नगरपालिकेने नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा रिकामी करण्यास सांगितले. चाळिशी उलटलेली, पदरी कुटुंब, यंत्रे उचलून न्यायची कोठे, असा पेच पडला. या प्रसंगी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. स्वतः चित्रकार असलेल्या या राजाने लक्ष्मणरावांना संस्थानातील जागा आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज देऊ केले. कुंडल रोड या आडवळणी रेल्वे स्थानकाजवळचा बत्तीस एकरांचा तो माळ निवडुंगाने भरलेला होता आणि साप-विंचवांचे तेथे राज्य होते. १० मार्च १९१० रोजी लक्ष्मणराव आपल्या सहकाऱ्यांसह या माळावर उतरले. तीच किर्लोस्करवाडी.

वाडीचा इतिहास केवळ यंत्रांचा नाही. शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर, के. के. कुलकर्णी अशी माणसे लक्ष्मणरावांनी जवळ केली. त्यांतील फारच थोड्यांजवळ मोठ्या पदव्या होत्या. तुरुंगवास भोगून आलेल्या, समाजाने गुन्हेगार ठरवलेल्या माणसांवर त्यांनी वसाहतीच्या पहाऱ्याची जबाबदारी सोपवली आणि त्यांनी ती इमानाने पार पाडली. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा दंडकही त्यांनी घातला. १९१० च्या दशकात, एका संस्थानी मुलखात, कर्मठ घराण्यातील माणसाने हे करणे नांगर बनवण्याइतकेच अवघड होते. लक्ष्मणरावांच्या चरित्रातील हा भाग त्यांच्या उद्योगाच्या झगमगाटात झाकला जातो, याची खंत वाटते.

पहिल्या महायुद्धाने विलायती मालाची आवक रोडावली आणि देशी नांगराला मागणी वाढली. त्याच वेळी दगडी कोळसा आणि कच्चे लोखंडही मिळेनासे झाले. मागणी आहे, पण भट्टीला घालायला काही नाही, अशी विलक्षण कोंडी त्यांनी सोसली. १९२० मध्ये किर्लोस्कर बंधूंची मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. शंकररावांचा जन्म आपल्या सोलापूरचा, हे येथे आवर्जून नोंदवले पाहिजे. कारखान्याची माहिती देण्यासाठी निघालेल्या त्या पत्रिकेतून ‘किर्लोस्कर’ मासिक घडले, पुढे ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ आली. मराठी घरांत नवा विचार नेणारी ही मासिके नांगराच्या कारखान्यातून निघाली, असा योग अन्यत्र क्वचितच जुळला असेल.

चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशिक्षण संस्थेतून यंत्रविद्येची पदवी घेऊन १९२६ मध्ये परतले. ऊस पिळण्याचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, पाणी उपसण्याचे पंप वाडीत होऊ लागले. १९४१ मध्ये हरिहर येथे यंत्र-अवजारांचा कारखाना निघाला. १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांचा आणि बंगळूरला विद्युत मोटारींचा. हे सारे लक्ष्मणरावांनी याचि देही पाहिले. स्वातंत्र्यही पाहिले.

त्यांनी पाहिले नाही ते आमचे जेऊर. उजनीच्या धरणाचे काम सुरू होण्यापूर्वीच ते गेले. १९८० मध्ये धरण पूर्ण झाले आणि ज्या करमाळा तालुक्यात मालदांडी ज्वारीपलीकडे फारसा विचार नव्हता, तेथे जलाशयाच्या काठाने ऊस आणि केळी उभी राहिली. ते पाणी धरणाने साठवले. शेतापर्यंत चढवले ते इंजिनांनी आणि पंपांनी. जलाशयापासून दूर असलेल्या गावांत याच पंपांनी विहिरी आणि कूपनलिका तळाला नेल्या, हेही तितकेच खरे आहे. त्याचा हिशोब यंत्र घडवणाऱ्याच्या नावे मांडायचा की ते बेसुमार चालवणाऱ्याच्या, यावर पारावर एकमत होणे कठीण. विहिरीत पाणी असेपर्यंत हा प्रश्न कोणी काढत नाही. एप्रिल-मेमध्ये मात्र तो निघतोच.

भारत सरकारने जन्मशताब्दीच्या दिवशी, २० जून १९६९ रोजी, लक्ष्मणरावांचे टपाल तिकीट काढले. निवडुंगाच्या त्या माळावर आजही पंप तयार होतात. कुंडल रोड हे नाव मात्र रेल्वेच्या पाटीवर राहिलेले नाही. जेऊरहून निघालेल्या प्रवाशाने कुर्डुवाडीला गाडी बदलावी, पंढरपूरमार्गे मिरज गाठावे आणि तेथून पुण्याच्या दिशेने जाणारी गाडी धरावी. सांगली, भिलवडी मागे पडले की फलाटावर किर्लोस्करवाडी ही पाटी दिसते.